पिकअपचा हेडर आणि नळीतून परतणारी लाट

‘इंजिनाला थोडं बॅक प्रेशर लागतंच, नाहीतर खालचा टॉर्क जातो.’ हे वाक्य आपल्याकडच्या बुलेटवाल्यांच्या तोंडी असतं आणि अमेरिकेतल्या पिकअपवाल्यांच्याही. दोन्हीकडे ते चुकीचंच आहे. बॅक प्रेशर म्हणजे जळालेला वायू बाहेर ढकलताना पिस्टनला होणारा विरोध. त्यासाठी खर्च होणारी ताकद चाकांकडे जाणाऱ्या ताकदीतूनच कापली जाते. फोर-स्ट्रोक इंजिनाला बॅक प्रेशरचा उपयोग शून्य. पण एक्झॉस्टला, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या भागाला, फार रुंद नळ्या लावल्या की खालचा टॉर्क, म्हणजे इंजिन हळू फिरत असतानाचा जोर, खरोखर कमी होतो, हा अनुभव मात्र खोटा नाही. त्याचं कारण वेगळं आहे आणि ते कळलं की हेडर, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या वेगळ्या नळ्यांचा संच, निवडणं बरंच सोपं होतं.

उदाहरणासाठी शेव्हरोले सिल्व्हराडो ही अमेरिकन पिकअप घेऊ, २०१४च्या पिढीतली, ५.३ लिटरच्या व्ही-८ (चार-चार सिलिंडरांच्या दोन रांगांच्या) पेट्रोल इंजिनाची. कंपनीच्या आकड्यांनुसार ५,६०० आरपीएमला (मिनिटाला ५,६०० फेऱ्यांना) ३५५ हॉर्सपॉवर आणि ४,१०० आरपीएमला ५१९ न्यूटन-मीटर टॉर्क. कारखान्यातून येताना तिच्या इंजिनाला दोन्ही बाजूंना बिडाचे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड असतात: चार सिलिंडरांची आखूड तोंडं एकाच पोकळीत उघडणारी. स्वस्त, टिकाऊ आणि कमी जागेत मावणारी रचना. हेडरमध्ये त्याऐवजी प्रत्येक सिलिंडरला पोलादाची स्वतंत्र नळी मिळते आणि चारही नळ्या पुढे एका रुंद नळीत, कलेक्टरमध्ये, जुळतात.

आता खरी गंमत. पिस्टनला जोडलेला फिरता दांडा म्हणजे क्रँक; पिस्टन तळाला पोचायच्या आधी क्रँकचे साधारण ५० अंश उरले असतानाच एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो. आत अजून वातावरणाच्या कित्येक पट दाब असतो, त्यामुळे दाबाचा एक ठोका नळीतून सुटतो. शाळेत ध्वनीच्या धड्यात शिकलेलं संपीडन ते हेच. तप्त वायूत ही लाट सेकंदाला सुमारे ५५० मीटर वेगाने धावते. घरातल्या हवेत आवाज ३४३ मीटरने जातो. नळी संपून कलेक्टरची रुंद जागा आली की लाटेचा काही भाग परत फिरतो, पण उलटा होऊन, विरलन म्हणून. दादरला खचाखच भरलेल्या डब्यातून लोक उतरतात तेव्हा दारातला माणूस फलाटावर पडतो आणि त्याची रिकामी जागा मागे मागे सरकत डब्याच्या आत जाते. माणसं बाहेर, पोकळी आत. नळीत अगदी हेच घडतं.

ही पोकळी व्हॉल्व्हपाशी कधी पोचते, यावर सगळा खेळ आहे. पिस्टन वरच्या टोकाला असताना एक्झॉस्ट आणि ताजी हवा आत घेणारा इनटेक हे दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकत्र उघडे असतात. याला ओव्हरलॅप म्हणतात. विरलन नेमकं तेव्हा पोचलं तर उरलासुरला जळका वायू ओढला जातो आणि त्याच्यामागून ताजी हवा आत शिरते. पिस्टनने काही न करता सिलिंडर धुऊन निघतो. याला स्कॅव्हेंजिंग म्हणतात.

आकडे घालून पाहू. नळी ८५ सेंटिमीटर लांब असेल तर लाटेच्या जाण्यायेण्याला सुमारे ३.१ मिलिसेकंद लागतात. ४,००० आरपीएमला क्रँक दर मिलिसेकंदाला २४ अंश फिरतो, म्हणजे एका फेरीत ७४ अंश. व्हॉल्व्ह उघडण्यापासून ओव्हरलॅपपर्यंत मात्र साधारण २३० अंशांचं अंतर आहे. लाट एका फेरीत थांबत नाही. व्हॉल्व्हच्या टोकाला ती आहे तशी परावर्तित होते, कलेक्टरच्या टोकाला दर वेळी चिन्ह बदलते. पहिल्या फेरीला विरलन, दुसऱ्या फेरीला संपीडन, तिसऱ्या फेरीला पुन्हा विरलन, आणि ही तिसरी फेरी येते २२२ अंशांवर. जवळजवळ वेळेवर! इंजिनाचा वेग वाढला किंवा घटला की ओव्हरलॅपच्या वेळी संपीडनाची पाळी येऊ शकते आणि जळका वायू उलटा आत ढकलला जातो. म्हणून टॉर्कच्या आलेखात उंचवटे आणि खळगे दिसतात. प्रत्यक्षात तापमान नळीभर बदलत जातं, लाट प्रत्येक फेरीला क्षीण होते, त्यामुळे हे गणित ढोबळ आहे. दिशा मात्र बरोबर सांगतं.

याच हिशेबाने ४० सेंटिमीटरच्या नळीची तिसरी फेरी वेळेवर यायला सुमारे ८,५०० आरपीएम लागतील. सिल्व्हराडोचं इंजिन तिथे कधीच जात नाही. तेव्हा अशा आखूड नळ्यांच्या ‘शॉर्टी’ हेडरकडून लाटेच्या जादूची अपेक्षा ठेवू नये.

व्ही-८ मध्ये आणखी एक भानगड आहे. या इंजिनाचा ज्वलनक्रम १-८-७-२-६-५-४-३, दर ९० अंशांना एक. १, ३, ५, ७ हे सिलिंडर डाव्या, म्हणजे अमेरिकेतल्या ड्रायव्हरच्या, बाजूला. त्या बाजूचे ठोके १८०, २७०, १८० आणि ९० अंशांच्या अंतराने येतात, कारण तिसऱ्यानंतर लगेच पहिला पेटतो. तिसऱ्याचा व्हॉल्व्ह अजून पुरता उघडा आहे आणि शेजारच्या पहिल्याचा ठोका त्याच पोकळीत येऊन आदळतो. अमेरिकन व्ही-८चा तो गडगडता आवाज या विषम अंतरांतूनच येतो. लांब, वेगळ्या नळ्या ही टक्कर पुष्कळ सौम्य करतात. मला हेडरचा सर्वांत ठोस फायदा हाच वाटतो.

आता रुंदी. नळी गरजेपेक्षा रुंद घेतली की वायूचा वेग मंदावतो आणि लाटेचा जोर पसरतो. खालचा टॉर्क जातो तो यामुळे, आणि लोक दोष देतात बॅक प्रेशर गेल्याला. ट्रेलर ओढणारी गाडी बहुतेक वेळ २,००० ते ४,००० आरपीएममध्ये असते. तिला ५.३ लिटरसाठी पावणेदोन इंच व्यास पुरे आहे; त्याहून रुंद नळ्या वरच्या वेगावर पळणाऱ्या किंवा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदललेल्या इंजिनांसाठी सोडाव्यात. मूळ कॅमशाफ्टचा ओव्हरलॅप लहान असतो, म्हणून नुसत्या हेडरने चमत्कार होत नाही. जाहिरातीतला हॉर्सपॉवरचा फुगलेला आकडा बहुधा सर्वोच्च आरपीएमचा असतो. तुम्ही जिथे गाडी चालवता तिथला आलेख मागा.

टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारं यंत्र, असेल तर वरचं गणित बाजूला ठेवावं लागतं. फोर्ड एफ-१५० पिकअपचं इकोबूस्ट इंजिन असो की आपल्याकडची डिझेल बोलेरो पिकअप, तिथे मॅनिफोल्डनंतर लगेच टर्बाइन असतं आणि ठोक्यांची ऊर्जा त्यालाच हवी असते.

लांब हेडरची मोठी अडचण कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या डब्याची. त्याच्या जागेवरच नळ्या येतात, म्हणून तो मागे सरकवावा लागतो. कन्व्हर्टर २५० ते ३०० अंश सेल्सियसला काम सुरू करतो. जितका मागे, तितका उशिरा तापतो आणि तोवर विषारी वायू तसेच बाहेर पडतात. तो काढून टाकणं अमेरिकेच्या क्लीन एअर ॲक्टखाली बेकायदा आहे, आणि ते योग्यच आहे. कॅलिफोर्नियात हेडरला एअर रिसोर्सेस बोर्डाचा एक्झिक्युटिव्ह ऑर्डर क्रमांक, म्हणजे मंजुरी, लागतो. शॉर्टी हेडरमध्ये कन्व्हर्टर जागचा हलत नाही, म्हणून असा क्रमांक बहुधा त्यांनाच मिळतो.

धातूत ३०४ स्टेनलेस गंजाला चांगलं तोंड देतं, पण तापल्यावर ४०९ स्टेनलेसपेक्षा बरंच जास्त प्रसरण पावतं. साध्या पोलादाला सिरॅमिक लेप हवा. त्यावर कापडी पट्टी गुंडाळू नये. ती ओल धरते आणि नळी आतल्याआत सडते.

फ्लँज, म्हणजे हेडर इंजिनाला बोल्टने जोडणारी पट्टी, मात्र जाड घ्या, तीन अष्टमांश इंच, म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. पातळ फ्लँज तापून वाकला की फट पडते, आणि विरलन आलं की तीच लाट त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढते. पुढचा ऑक्सिजन सेन्सर ती हवा पाहून इंधन कमी पडतंय असा निष्कर्ष काढतो, संगणक जास्त पेट्रोल सोडतो आणि मायलेज घसरतं. म्हणून नवा हेडर काही वेळा तापून निवला की बोल्ट पुन्हा आवळायचे, आणि तेही इंजिन पूर्ण थंड असताना, कंपनीने दिलेल्या टॉर्कवर.