न्यायिक दखल आणि न्यायालयीन दप्तर

न्यायिक दखल म्हणजे एखादी वस्तुस्थिती साक्षीपुराव्याने शाबीत करून न मागता न्यायालयाने ती खरी धरून चालणे. भारतात ही तरतूद १८७२ च्या पुरावा अधिनियमात कलम ५६ व ५७ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ ची कलमे ५१ व ५२ लागू आहेत.

देशात अमलात असलेले कायदे, संसद व विधिमंडळांचे कामकाज, न्यायालयांचे शिक्के, राजपत्रात जाहीर झालेले सण व सुट्ट्या, जगाचे भौगोलिक विभाग, इतकेच काय, रस्त्याने कोणत्या बाजूने जायचे हा नियमसुद्धा कायद्यातील यादीत आहे. परकीय कायदा मात्र तज्ज्ञाच्या साक्षीसारख्या पुराव्याने शाबीत करावा लागतो. गोव्यातील पोर्तुगीज नागरी संहितेबद्दल हा प्रश्न उभा राहिला तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ती भारतीय कायद्याचाच भाग असल्याचे ठरवले, कारण १९६२ च्या केंद्रीय कायद्याने तिचा अंमल पुढे चालू ठेवला होता.

ही यादी संपूर्ण नाही; तिच्याबाहेरच्या गोष्टींचीही दखल घेता येते. मे १९७४ च्या रेल्वे संपाशी संबंधित ओंकारनाथ खटल्यात (१९७७) सर्वोच्च न्यायालयाने संप तोंडावर आला होता याची दखल घेतली. सर्वांना ठाऊक असलेल्या गोष्टीकडे डोळेझाक करणे व्यवहारज्ञानाला धरून नाही, असा निकालाचा रोख होता. पण ही सवलत सैल नव्हे. न्यायाधीशाची खासगी माहिती इथे चालत नाही, आणि वर्तमानपत्रातील बातमी ही ऐकीव माहिती असल्याने तिच्यातील मजकुराची दखल घेता येत नाही, हे लक्ष्मी राज शेट्टी खटल्यात (१९८८) स्पष्ट झाले. संदर्भग्रंथ पाहण्याची मुभा न्यायालयाला आहे. दखल घ्या म्हणणाऱ्या पक्षकाराने तो ग्रंथ हजर केला नाही, तर न्यायालय नकार देऊ शकते.

सर्वाधिक गोंधळ होतो तो दुसऱ्या खटल्यातील कागदांबाबत. निकालाची सहीशिक्क्याची नक्कल दाखल केली की असा निकाल झाला एवढे दिसते; त्यात नोंदवलेली प्रत्येक हकिगत आपोआप खरी ठरत नाही. वकिलांच्या युक्तिवादात या दोन गोष्टींची सरमिसळ बरीचदा होते.

मुळात ती नक्कल मिळवणे हेही एक काम असते. पक्षकाराला रोजनामा (प्रत्येक तारखेच्या कामकाजाची नोंद), निशाणी पडलेले, म्हणजे पुराव्यात क्रमांक दिलेले दस्तऐवज आणि निकाल यांच्या प्रती नक्कल विभागात अर्ज व शुल्क भरून मिळतात. त्रयस्थाचे तसे नाही. गुजरात उच्च न्यायालयाच्या नियमांत त्याने कारण सांगणारे प्रतिज्ञापत्र द्यावे अशी अट आहे. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली आणि अशा प्रतींसाठी माहिती अधिकाराऐवजी न्यायालयाच्या नियमांनुसारच अर्ज करावा, असे सांगितले. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर १६ अक्षरअंकी सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) टाकून तारखा व आदेश कोणालाही पाहता येतात, पण तिथून उतरवलेली प्रत म्हणजे प्रमाणित नक्कल नव्हे.

फौजदारी कागदपत्रांत आणखी एक भेद आहे. दोषारोपपत्र सार्वजनिक दस्तऐवज नाही, ते सरसकट संकेतस्थळावर टाकता येणार नाही, असे जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सौरव दास प्रकरणात ठरवले. एफआयआर मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानुसार, लैंगिक अत्याचार व दहशतवादासारखी संवेदनशील प्रकरणे वगळता, साधारणपणे २४ तासांत संकेतस्थळावर टाकावी लागते.