गजाचा वाक: किकरीचा बाहेर, व्हायोलिनचा आत

किकरी या तंतुवाद्याचा गज, म्हणजे तारेवर घासून वाजवायची केस बांधलेली काडी, यवतमाळकडच्या माणसाला समजावून सांगायला नको. गोंडांच्या कथा गाऊन सांगणाऱ्या परधान बांधवांच्या हातात तो सगळ्यांनी पाहिलाय: धनुष्यासारखी केसांपासून दूर गेलेली काडी आणि तिला बांधलेले घोड्याच्या शेपटीचे केस.

व्हायोलिनच्या गजालाही घोड्याचेच केस. लांबी पाऊण मीटरच्या आसपास, वजन साधारण ६० ग्रॅम, बुडाशी केस धरणारा ठोकळा आणि ते ताणायला स्क्रू. इथवर कुणाचं अडत नाही. अडतं ते वाकापाशी. या गजाची काडी केसांकडे, म्हणजे आत वाकलेली असते आणि ती तशीच हवी. तरी दर दोनचार महिन्यांनी कुणीतरी जुना गज घेऊन येतं, "भाऊ, हा उलटा वाकला, सरळ करून द्या."

सरळ करू नका, हात जोडतो. तो वाक लाकूड तापवून मुद्दाम दिलेला असतो. पॅरिसच्या फ्रान्स्वा तूर्त यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस ही घडण पक्की केली. त्यासाठी ब्राझीलचं पर्नाम्बुको लाकूड निवडलं, कारण तापवून दिलेला आकार ते वर्षानुवर्षं धरून ठेवतं. केस ताणले की काडी थोडी सरळ होते, पण मूळ वाकाकडे परतायची ओढ तिच्यात राहते. गजाची उसळी त्या ओढीतून येते. चांगला जुना गज तारेवर हलकेच सोडला की आपसूक नाचतो.

एका मास्तरांच्या आजोबांचा गज माझ्याकडे आला होता. आबनुसाच्या ठोकळ्यावर शिंपल्याचा डोळा, अंगठ्याखालचं लाकूड झिजून गुळगुळीत. पण कुणीतरी वाफ देऊन काडी पट्टीसारखी सरळ केलेली. केस ताणताच ती किकरीच्या गजासारखी बाहेर गेली. तारेवर ठेवला तर निपचित पडला. फार वाईट वाटलं.

बिघाड बघायचाच तर डावी-उजवीकडे बघा. ठोकळ्याच्या बाजूने एक डोळा मिटून काडीवरून नजर टाका, सुतार फळी बघतो तशी. टोक बाजूला गेलेलं दिसलं तर तो दोष, आणि तो गज बनवणाऱ्या जाणकारानेच काढावा.

ताणतानाही काडी सरळ होईपर्यंत स्क्रू पिळू नका. मधोमध काडी आणि केसांत पेन्सिल जाईल एवढं अंतर पुरे. वाजवून झालं की सैल करा. आपल्याकडच्या मे महिन्यात तर नेहमीपेक्षा जास्तच, कारण कोरड्या हवेत केस आखडतात आणि पेटीत ठेवलेल्या काडीलाही रात्रभर ओढत राहतात.