नंदादेवी: शिखराआधीचा तट

उत्तराखंडातील सर्वोच्च शिखर असलेल्या नंदादेवीचा (७,८१६ मीटर) माथा ही फार पुढची गोष्ट होती. तिचा पायथा गाठण्यातच गिर्यारोहकांची पन्नास वर्षे गेली. याचे कारण तिच्या भूरचनेत आहे. मुख्य शिखर एका खोलगट खोऱ्यात उभे आहे आणि त्या खोऱ्याभोवती पर्वतरांगांचा असा तट आहे की, उत्तर, पूर्व आणि दक्षिण या तिन्ही बाजूंना तो कुठेही सुमारे ५,२०० मीटरच्या खाली उतरत नाही. पश्चिमेला तेवढी एक फट आहे. आतल्या सगळ्या हिमनद्यांचे वितळलेले पाणी ऋषिगंगेच्या रूपाने याच फटीतून बाहेर पडते, आणि तीव्र उतारावरून दगडगोटे घासत धावणाऱ्या या प्रवाहाने उभ्या कड्यांची एक अरुंद घळ कोरून काढली आहे.

ब्रिटिश गिर्यारोहक डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रॅहम यांनी १८८३ साली या घळीतून जाण्याचा प्रयत्न केला, पण त्यांना मागे फिरावे लागले. दुसरे ब्रिटिश गिर्यारोहक टॉम लाँगस्टाफ १९०५ साली पूर्वेकडील खिंडीपर्यंत चढले आणि आत डोकावून परतले. अखेर १९३४ साली एरिक शिप्टन आणि बिल टिलमन यांनी आंग थारके, पासांग आणि कुसांग या तीन शेर्पांसह घळीच्या कड्यांवरून, एकेक कंगोरा शोधत, ओझी पुढे सरकवत आत प्रवेश मिळवला. माझ्या मते या शिखराच्या इतिहासातला खरा पराक्रम हाच, जरी त्यात माथा कोणी गाठला नव्हता.

वाट सापडल्यावर दोनच वर्षांत, २९ ऑगस्ट १९३६ रोजी, टिलमन आणि भूगर्भशास्त्रज्ञ नोएल ओडेल माथ्यावर पोहोचले. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ४० टक्क्यांहूनही कमी असलेल्या त्या उंचीवर त्यांनी कृत्रिम प्राणवायू वापरला नव्हता. (ओडेल यांच्यासोबत खरे तर चार्ल्स ह्यूस्टन जायचे होते, डबाबंद मांसाने पोट बिघडल्यामुळे त्यांची संधी टिलमन यांच्याकडे गेली.) १९५० मध्ये अन्नपूर्णा सर होईपर्यंत याहून उंच शिखरावर मानवाचे पाऊल पडल्याची निर्विवाद नोंद नव्हती.

पुढे मोहिमा वाढल्या, तसा कचरा आणि सरपणासाठीची तोडही वाढली. १९८२ साली हे खोरे राष्ट्रीय उद्यान झाले आणि लवकरच गिर्यारोहणासाठी बंद करण्यात आले. ७,४३४ मीटर उंचीच्या पूर्व शिखरावरील मोहिमा मात्र नंतरही झाल्या, कारण ते तटावरच असल्याने लाँगस्टाफ यांच्या खिंडीतून, खोऱ्यात न उतरता चढता येते.