उपाशी कुत्रं, फिनेल आणि कूलर

रस्त्यावरून उचललेलं कुत्रं काही दिवसांसाठी घरी सांभाळायला आणलं, की तीन कामं हमखास होतात. त्याला पोटभर खाऊ घालतात, लगेच आंघोळ घालतात आणि फरशी फिनेलने लख्ख पुसतात. हे सगळं मायेपोटी होतं, पण पहिल्या पंधरवड्यात बरीचशी दुखणी यातूनच बळावतात.

आधी जेवणाचं. बरगड्या मोजता येतील असं कुत्रं बरेच दिवस स्वतःच्या चरबीवर आणि स्नायूंवर जगत असतं. त्याच्या पेशींमधला फॉस्फेट आणि पोटॅशियमचा साठा आटलेला असतो, तरी रक्तातलं प्रमाण बहुतेक वेळा ठीक दिसतं. अशा कुत्र्यापुढे पातेलंभर दूधपोळी किंवा भात ठेवला, की त्यातल्या पिष्टामुळे इन्सुलिन एकदम वाढतं. इन्सुलिन साखर पेशींमध्ये नेतं, आणि तिच्यासोबत हे क्षारही. रक्तातलं फॉस्फेट कोसळलं की तांबड्या पेशी फुटू लागतात, स्नायू ढिले पडतात, हृदयाचे ठोके बिघडतात. हे लगेच होत नाही, दोन-चार दिवसांत होतं. म्हणूनच ‘परवा किती छान जेवला, आज उठतही नाही’ असं म्हणणाऱ्यांना त्या जेवणाचा संशयही येत नाही.

किती द्यायचं, याचा हिशेब साध्या कॅल्क्युलेटरवर होतो. कुत्र्याला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभं राहा आणि त्यातून स्वतःचं वजन वजा करा. आलेल्या आकड्याचा घन करा, वर्गमूळाचं बटण दोनदा दाबा आणि ७० ने गुणा. १० किलोच्या कुत्र्याचं उत्तर साधारण ३९४ येतं. नुसतं पडून राहायला त्याला दिवसाला एवढ्या किलोकॅलरी लागतात. पहिल्या दिवशी यातला फक्त पाव हिस्सा, म्हणजे सुमारे १०० किलोकॅलरी द्यायच्या: उकडलेलं बोनलेस चिकन ४५ ग्रॅम आणि शिजलेला भात २० ग्रॅम, तेही चार वेळा विभागून. दुसऱ्या दिवशी निम्मा, तिसऱ्या दिवशी पाऊण आणि चौथ्या दिवशी पूर्ण हिस्सा. कुत्रं अगदीच सापळा झालेलं असेल तर हीच चढण आठ-दहा दिवसांची करावी, आणि ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. पिल्लांना मात्र हे गणित लावू नये. त्यांची साखर काही तासांतच उतरते, त्यामुळे उपाशी पिल्लू थेट दवाखान्यात न्यावं.

घासभर चिकन खाऊन ते वाटी चाटत आपल्याकडे बघत राहतं. तेव्हा मन घट्ट करावं लागतं, आणि घरातल्या आजीलाही समजावावं लागतं. सावजीचा उरलेला रस्सा तर कधीच नको. तिखटाचं सोडा, कांदा-लसणातली गंधकयुक्त संयुगं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात, आणि शिजवल्याने ती नाहीशी होत नाहीत.

आता फिनेल. कुत्र्यांना जीवघेणी हगवण लावणाऱ्या पार्व्हो या विषाणूला बाहेरचं स्निग्ध आवरण नसतं. साबण किंवा फिनेल विषाणू मारतं ते मुख्यतः हे आवरण मोडून. डिस्टेंपर या कुत्र्यांच्या दुसऱ्या रोगाचा विषाणू त्याने मरतो, पार्व्होला काही होत नाही. तो फरशीच्या सांध्यात आणि गॅलरीतल्या कुंड्यांच्या मातीत महिनोन् महिने तग धरतो. पुढच्या पिल्लाला तो तिथूनच गाठतो. याला उपाय ब्लीचचा. आधी विष्ठा, केस, घाण उचलून साबणाने धुऊन घ्यायचं, कारण घाणीत ब्लीचचा जोर वाया जातो. मग ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटचं द्रव ब्लीच एका लिटर पाण्यात ३५ मिली घालून फरशी दहा मिनिटं ओली ठेवायची आणि नंतर साध्या पाण्याने धुवायची. संडास साफ करायचं ॲसिड त्यात चुकूनही मिसळू नये. क्लोरिन वायू तयार होतो.

मातीला ब्लीच लागू पडत नाही. म्हणून नव्या पाहुण्याला १४ दिवस अशा खोलीत ठेवावं जिथली फरशी धुता येते. त्याची भांडी वेगळी, त्या खोलीतली आपली चप्पलही वेगळी. पार्व्होची लक्षणं संसर्गानंतर बहुधा आठवड्याभरात दिसतात: आधी मलूलपणा, मग उलट्या, मग उग्र वासाची, रक्ताची हगवण. विषाणू झपाट्याने विभागणाऱ्या पेशींवर, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर आणि अस्थिमज्जेवर, हल्ला करतो. त्यामुळे शरीरातलं पाणी आणि पांढऱ्या पेशी एकदमच घटतात. ‘सकाळी बघू’ म्हणण्याइतका वेळ तो देत नाही. नागपुरात सेमिनरी हिल्सवर १९५८ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. तिथला किंवा जवळचा दवाखाना कोणत्या वेळेत उघडा असतो, ते कुत्रं घरी आणण्याआधीच विचारून ठेवावं.

आंघोळ आठवडाभर लांबली तरी बिघडत नाही, ओल्या फडक्याने पुसणं पुरतं. गोचीड मात्र थांबत नाहीत. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायचे. रॉकेल किंवा जळती काडी नको. रक्त पिऊन टम्म झालेली मादी कुत्र्यावरून उतरते, भिंतीवर चढते आणि भेगेत किंवा कपाटामागे हजारो अंडी घालते. म्हणून नुसत्या गोचीड मारायच्या गोळीने भागत नाही, भेगाही बुजवाव्या लागतात. गोचीडतापाचं एर्लिकिया हे जंतुदुखणं चावल्यानंतर एक ते तीन आठवड्यांनी वर येतं, म्हणजे कुत्रं सावरलं असं वाटू लागतं नेमकं तेव्हाच. नाकातून रक्त, हिरड्यांवर किंवा पोटावर जांभळे ठिपके, उतरलेले प्लेटलेट्स ही त्याची खूण. त्यावरच्या डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकचा कोर्स सहसा २८ दिवसांचा असतो, आणि तो बहुतेक घरांत कुत्रं जेवू लागलं की पाचव्या दिवशी सुटतो. गोळी खाण्यासोबत द्यावी आणि वर पाणी पाजावं, नाहीतर ती अन्ननलिकेत अडकून जखम करते.

कुत्रं आपल्याला चावलं किंवा त्याने नखाने ओरखडलं तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवावं. मिरची, चुना काही लावू नये. त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी मेडिकल किंवा मेयो ही नागपुरातली सरकारी रुग्णालयं गाठावीत.

राहिला उन्हाळा. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजाच्या गादीला. बाकी सगळी भिस्त धापा टाकण्यावर, म्हणजे जिभेवरून आणि श्वासमार्गातून पाणी उडण्यावर. कूलरही त्याच तत्त्वावर चालतो. म्हणून मे महिन्याच्या कोरड्या हवेत कूलर उत्तम. पण समोरची खिडकी बंद असेल तर ओली हवा खोलीतच कोंडते आणि कुत्र्याच्या धापा वाया जातात. समोरची खिडकी चार बोटं उघडी हवीच. जुलैत पंप बंद करून नुसता पंखा लावावा.

कुत्र्याचं गुदद्वारातून घेतलेलं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश असतं. ४१ च्या वर उष्माघात समजावा. बर्फ शोधत बसू नये. अंग पाण्याने भिजवून पंख्याखाली ठेवावं. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी नळाला चटका देण्याइतकं तापलेलं येतं, त्यामुळे सकाळीच दोन बादल्या भरून सावलीत ठेवाव्यात. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवला तर उष्णता आतच कोंडते. ३९.५ ला पाणी थांबवावं, नाहीतर तापमान नको तितकं खाली जातं. कुत्रं उठून शेपटी हलवू लागलं तरी दवाखाना चुकवू नये, कारण मूत्रपिंडाचा आणि रक्त गोठण्यातला बिघाड पुढच्या एक ते तीन दिवसांत वर येतो.