प्रवास-बक्षीस योजना

लोकांनी स्वतःची मोटार घरी ठेवून पायी, सायकलने किंवा सार्वजनिक वाहनाने जावे, निदान ऐन गर्दीची वेळ तरी टाळावी, म्हणून दंड किंवा कर न लावता गुण, सोडती आणि बक्षिसे देणारी योजना. प्रवासाची नोंद मोबाइल ॲप, तिकिटाचे स्मार्टकार्ड किंवा कार्यालयातील हजेरीवरून होते.

या प्रकारचा एक मूलगामी प्रयोग भारतात झाला. बंगळूरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतील इन्फोसिसच्या आवारात ऑक्टोबर २००८ ते एप्रिल २००९ या काळात स्टॅनफर्ड विद्यापीठाचे बालाजी प्रभाकर आणि सहकाऱ्यांनी तो राबवला. सकाळी लवकर येणाऱ्यांच्या खात्यात गुण जमत आणि त्या गुणांवर दर आठवड्याला सोडत निघे. सुमारे १४,००० कर्मचाऱ्यांत सोडतीच्या बक्षिसांची रक्कम समान वाटली असती, तर प्रत्येकाच्या हाती आठवड्याला जेमतेम काही रुपये पडले असते आणि तेवढ्यासाठी पहाटेची झोप कोणी मोडली नसती. सोडतीत मात्र हजारो रुपये लागण्याची आशा होती. गर्दीआधी पोहोचणाऱ्यांची संख्या दुप्पट झाली आणि कंपनीच्या बसने येणाऱ्यांचा सकाळचा सरासरी प्रवास ७१ मिनिटांवरून ५४ मिनिटांवर आला. नवा रस्ता किंवा पूल न बांधता वाचलेली ही १७ मिनिटे हे या कल्पनेचे सर्वांत भक्कम समर्थन आहे.

हेच तत्त्व सिंगापुरात जानेवारी २०१२ पासून ‘इन्सिंक’ नावाने रेल्वेला लावले गेले. दर किलोमीटरला एक गुण, पण गर्दीच्या तासाच्या आधी किंवा नंतर प्रवास केल्यास तीन. गुणांचे ठरलेले पैसे घ्यावेत, की सापशिडीसारख्या ऑनलाइन खेळात नशीब अजमावावे, हे प्रवाशाने ठरवायचे.

इटलीतील बोलोन्याने २०१७ मध्ये ‘बेला मोस्सा’ सुरू केली. तेथे गुण अंतरावर नव्हे, फेरीवर मिळत आणि दिवसाला चारच फेऱ्या धरल्या जात. त्यामुळे कोपऱ्यावरच्या दुकानात चालत जाणाऱ्या वृद्धालाही गावभर सायकल हाकणाऱ्या तरुणाइतकेच मोल आले. गुणांच्या बदल्यात आइस्क्रीम, बिअर किंवा सिनेमाचे तिकीट मिळे. खर्चाच्या मानाने ही रचना फार विचारपूर्वक केलेली दिसते.

सवय टिकते का, हा या योजनांपुढचा खरा प्रश्न. नेदरलँड्समध्ये २००६ साली झूटरमेर ते हेग या मार्गावर ३४० मोटारचालकांना गर्दी टाळल्याबद्दल दिवसाला काही युरो देण्यात आले. त्यांच्या गर्दीच्या वेळच्या फेऱ्या निम्म्यावर आल्या, पण पैसे थांबताच बहुतेक जण जुन्या वेळेवर परतले. कामाची वेळ लवचीक नसेल किंवा घराजवळ बसच नसेल, तर बक्षीस मोठे असूनही उपयोग होत नाही. सिंगापूरने डिसेंबर २०१७ पासून कामाच्या दिवशी सकाळी ७.४५ पूर्वी स्थानकात शिरणाऱ्यांना भाड्यात ५० सेंटपर्यंत थेट सवलत लागू केली. त्यासाठी नोंदणी किंवा सोडत लागत नाही.