खारपाटातील भातशेती, मुंबई बेटांवरील

भरतीच्या पाण्याला बांध घालून मिळवलेल्या खाऱ्या, सखल जमिनीत घेतले जाणारे भाताचे पीक. मुंबईच्या सात बेटांमधील खाजणांत ते साधारणपणे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत होत असे. इंग्रजी दप्तरांत अशा जमिनींना ‘सॉल्ट बॅटी ग्राउंड’ म्हटले आहे. ‘बॅटी’ म्हणजे भात हे उघड आहे; मात्र तो शब्द मराठी ‘भात’वरून आला की कन्नड ‘भत्त’वरून, याबाबत कोशकारांचे एकमत नाही. निदान मुंबई व साष्टीपुरती तरी, पोर्तुगीज लेखनातील ‘बाते’मार्गे आलेली मराठी व्युत्पत्ती अधिक सरळ वाटते.

जून ते सप्टेंबरमध्ये येथे साधारण २,००० ते २,३०० मिमी. पाऊस पडतो. गोड्या (खारट नसलेल्या) जमिनीत राब (पालापाचोळा, शेण इ. चा थर) भाजून रोपे तयार करतात, चिखलणी करून लावणी करतात. खारपाटात यातले बरेचसे नसते. राबाची गरज नसते, नांगरही बहुधा लागत नाही. पहिल्या पावसाने वरच्या थरातील मीठ धुऊन जाऊ देतात. बियाणे भिजवून, ढीग करून दडपून ठेवतात आणि मोड आले की ते चिखलावर किंवा साचलेल्या उथळ पाण्यावर फेकतात. विरळ राहिलेल्या जागी नंतर दाट जागेतली रोपे उपटून लावतात. भात उगवताना क्षार बऱ्यापैकी सोसते. कोवळे रोप व फुलोरा या दोन अवस्थांत मात्र ते नाजूक असते. त्यामुळे भाद्रपदात पावसाने ओढ दिली की खालचे मीठ वर चढते आणि लोंब्या पळींज (पोकळ) राहतात. जुन्या वाणांपैकी काळा रता व भुरा रता हे क्षार सोसणारे म्हणून प्रसिद्ध आहेत, तांदूळ तांबूस.

सगळी मदार बांधावर. त्यात पाणी सोडण्यासाठी उघाडी ठेवतात : ओहोटीला पावसाचे पाणी बाहेर जाते, भरतीला तिचे दार मिटते. खेकड्याने पाडलेले एखादे बीळ उधाणाच्या रात्री भगदाड होते, आणि एकदा खारे पाणी शिरले की जमीन पुन्हा पिकाजोगी व्हायला काही पावसाळे जावे लागतात. ठाणे–कुलाबा भागात बांधाची ही जबाबदारी शिलोत्री पद्धतीने (कसणाऱ्यांनीच बांध सांभाळायचा, अशा वहिवाटीने) वाटलेली असे.

मुंबई बेटावर हा भार एकेकट्या कुळांना पेलला नाही, तेव्हा सरकारने महालक्ष्मीजवळची खिंड बुजवली. हाच ‘हॉर्नबी वेलार्ड’ (पोर्तुगीज ‘व्हालादो’ म्हणजे बांध). त्याचा काळ कोणी १७७८ देतात, कोणी १७८४ च्या सुमारास; कामे टप्प्याटप्प्याने झाली असावीत. गव्हर्नर विल्यम हॉर्नबी यांनी बडतर्फीचे पत्र खिशात दडवून बांध पुरा केल्याची कथा मुंबईत आवडीने सांगितली जाते. तिच्याकडे सावधपणे पाहिलेले बरे.

बांधाआड मोकळ्या झालेल्या जमिनी लागवडीस देण्यात आल्या, त्या ‘फोरास’. या शब्दाचा उगम वादग्रस्त आहे. एका मते तो पोर्तुगीज ‘फोरा’ (बाहेर) यावरून आला, म्हणजे किल्ल्याबाहेरच्या जमिनीचा सारा; दुसऱ्या मते ‘फोरो’ (ठरावीक हलका खंड) यावरून. ज्या धारापद्धतीमुळे या जमिनी ओळखल्या जात, तिच्याशी जुळणारा दुसरा पक्ष सबळ दिसतो. कुळांचा हक्क किती व सरकारला जमीन परत घेता येते का, यावर दीर्घकाळ तंटे चालले. १८५१ च्या सहाव्या कायद्याने सार्वजनिक रस्त्यांखाली घेतलेल्या जमिनी वगळता सरकारने आपला वादग्रस्त हक्क सोडला. त्यासाठी नेमलेल्या आयोगाचे काम १८५३ मध्ये संपले. किल्ल्याकडून हा पट्टा ओलांडणाऱ्या रस्त्यांना सरसकट ‘फोरास रोड’ म्हणत. त्यांपैकी ज्या एकाला ते नाव चिकटून राहिले, तो पुढे अगदीच वेगळ्या कारणाने, वेश्यावस्तीमुळे, गाजला, आणि नावातले भात विसरले गेले.

उंचवट्याच्या जमिनीवर माडांच्या वाड्या होत्या. खेतवाडी, फणसवाडी, ताडदेव ही नावे जुनी झाडी व शेती सुचवतात. गिरगावातील मुगभाट हे मुगाचे ‘भाट’, म्हणजे शेत, की कुणा व्यक्तीच्या नावाचे, हे निश्चित नाही.

बेटांवरील भातशेती गिरण्या व वस्ती वाढताच संपली. उत्तरेस गोराई–मनोरी–उत्तन पट्ट्यात व आरेतील पाड्यांवर भात आजही थोडेफार लावतात. आरेतील जमीन अर्थातच गोडी. खारपाटाची रीत पेण, उरण, अलिबागकडे टिकली. १९४८ चा मुंबई खार जमीन कायदा व त्यानंतरचा १९७९ चा खार जमीन विकास अधिनियम तिथल्या बांधांना लागू झाला. पनवेल येथील खार जमीन संशोधन केंद्राने ‘पनवेल-१’, ‘पनवेल-२’ व ‘पनवेल-३’ हे क्षारसहिष्णू वाण दिले.