बीडीव्ही आणि टॅन डेल्टा : ट्रान्सफॉर्मर ऑइलच्या दोन वेगळ्या परीक्षा

नागपूरजवळच्या बुटीबोरी किंवा हिंगणा एमआयडीसीत ज्या कारखान्याचा स्वतःचा ट्रान्सफॉर्मर आहे, तिथल्या देखभाल विभागाला बीडीव्ही (ब्रेकडाउन व्होल्टेज, म्हणजे ज्या व्होल्टेजला ऑइलमध्ये ठिणगी पडते ते) ही चाचणी नवी नाही. ऑइलमध्ये उष्णतेच्या रूपाने किती ऊर्जा वाया जाते हे सांगणारा टॅन डेल्टाचा आकडा मात्र त्याच अहवालात असूनही पुष्कळदा वाचला जात नाही, आणि बीडीव्ही चांगला आला म्हणजे ऑइल चांगले, असे धरून चालले जाते. हे गृहीतक महागात पडू शकते.

बीडीव्ही चाचणीत २.५ मिलिमीटर अंतरावरच्या दोन इलेक्ट्रोडमध्ये ऑइल भरून, बुडबुडे निघून जाईपर्यंत थांबून, व्होल्टेज सेकंदाला २ किलोव्होल्ट या गतीने ठिणगी पडेपर्यंत वाढवतात आणि अशा सहा वाचनांची सरासरी घेतात. ओलावा आणि कागदाचे सूक्ष्म तंतू विद्युतक्षेत्रात ओढले जाऊन त्या फटीत रांगेने जमतात, म्हणून आकडा खाली येतो. ऑइल गरम करून निर्वातात फिल्टर केले की तो पुन्हा वर चढतो.

टॅन डेल्टा मोजताना ऑइलमध्ये ठिणगी पाडायची नसते. आदर्श इन्सुलेशनमध्ये विद्युतप्रवाह व्होल्टेजच्या बरोबर ९० अंश पुढे असतो. प्रत्यक्षात तो जितका कमी पुढे राहतो तो कोन डेल्टा, आणि त्याचा टॅन्जंट म्हणजे उष्णतेच्या रूपाने वाया जाणाऱ्या ऊर्जेचे माप. ही चाचणी ९० अंश सेल्सिअसला करतात, कारण त्या तापमानाला विरघळलेल्या आयनांची हालचाल वाढून दूषितपणा स्पष्ट दिसतो. नव्या ऑइलसाठी आयईसी ६०२९६ या आंतरराष्ट्रीय मानकाची कमाल मर्यादा ०.००५ आहे.

खरा फरक इथेच आहे. ऑक्सिडेशनने तयार होणारी आम्ले आणि धातूंचे साबण (आम्ले धातूंशी संयोग पावून बनणारी संयुगे) ऑइलमध्ये विरघळलेले असतात, त्यामुळे साध्या फिल्टर मशीनमधून ते सरळ पार होतात. तापमान ८ ते १० अंशांनी वाढले की ऑक्सिडेशनचा वेग साधारण दुप्पट होतो, आणि नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना पूर्ण लोडवर चालणाऱ्या ट्रान्सफॉर्मरला थंड व्हायला फारशी उसंत मिळत नाही. अशा ऑइलचा बीडीव्ही फिल्टरनंतर ६० किलोव्होल्ट येईल, पण टॅन डेल्टा जवळपास होता तिथेच राहील. तो उतरवायचा तर मुलतानी मातीसारख्या शोषक मातीतून ऑइल फिरवावे लागते किंवा बदलावे लागते.

उलट, जुलैच्या दमट हवेत ओलसर बाटलीत घेतलेल्या नमुन्याचा बीडीव्ही चांगल्या ऑइललाही दोषी ठरवू शकतो. म्हणून नमुना कोरड्या दिवशी, स्वच्छ कोरड्या बाटलीत घ्यावा आणि दोन्ही आकडे मागील वर्षांच्या आकड्यांशेजारी मांडूनच निर्णय करावा.